अनोळखी माणसांसमोर लहान जोडी

३ नोव्हेंबर २०२५, सांगली

आज डॉक्टर जयराजच्या पलंगाशी उभे राहिले आणि त्याच्या छातीवरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, यांना आता काही समजत नाही. मनाची तयारी ठेवा." माणूस मध्ये पडलेला आहे, डोळे उघडे आहेत, आणि हे गृहस्थ असे बोलतात जणू मी त्यांना सोफ्याचं कापड बदलायला बोलावलं होतं. मी म्हटलं, "समजत नसेल तर इतक्या हळू आवाजात का सांगताय?" त्यांनी घड्याळ पाहिलं.

दुसरा झटका दसऱ्याच्या आठवड्यात आला. पहिल्यात उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. दुसऱ्यात काय गेलं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. डावा हात अधूनमधून आवळला जातो. ती म्हणे प्रतिक्षिप्त क्रिया, तान्ह्या मुलाच्या मुठीसारखी. पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांचे उतार काढलेला माणूस, आणि तान्हं मूल!

संध्याकाळी साताऱ्याहून उदयसिंह भाऊजींचा फोन. माझे धाकटे दीर, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"वहिनी, हितल्या शुश्रूषा केंद्रात पुढच्या म्हैन्यात खाट रिकामी व्हणार हाय. चोवीस तास माणसं असत्यात. तुमची कंबर गेलेली. दादाला किती दिस उचलणार तुमी?"

कंबर गेली आहे हे खरं. त्याला कुशीवर वळवताना मणका सरकला, तेव्हापासून मला वाकायची बंदी आहे. दिवसा अंबूबाई असते, रात्रीला दुसरी एक बाई येते. मूल आम्हाला नाही. म्हणजे जे काही आहोत ते आम्ही दोघं.

मी म्हटलं, "भाऊजी, जयराज म्हणजे सामान नव्हे, इथून उचललं आणि तिथे ठेवलं. त्याला सगळं कळतं. त्याला विचारल्याशिवाय तो या घरातून हलणार नाही."

"कळतंय न्हवं? मग दाखवा मला. दाखवलंत तर म्या केंद्राचं नाव काढणार न्हाई. शब्द हाय."

ठीक आहे. दाखवीन.

५ नोव्हेंबर

दुपारी एक गोष्ट सुचली. आधी का सुचली नाही याचाच आता संताप येतो आहे.

निवृत्त झाल्यावर जयराजला एकच नाद होता. चहा झाला की टॅब घेऊन बसायचा आणि पोकर खेळायचा, त्यातला होल्डेम नावाचा प्रकार. एक वाटी भडंग, आणि समोर जगभरचे अनोळखी लोक. फुकटच्या चकत्यांचा, म्हणजे लुटुपुटीच्या पैशांचा खेळ. पैशांचे सगळे खेळ सरकारने ऑगस्टमध्ये बंद केले, हा तेवढा उरला. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते ज्याचे त्यालाच दिसतात. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात, मग एक, मग आणखी एक. त्यातून ज्याचा डाव मोठा होईल तो जिंकतो. न जमलं तर मध्येच पत्ते टाकून देता येतात. जयराजच्या टेबलावर चढवायच्या तर ठरलेल्याच चकत्या चढवायच्या, एका दमात सगळा ढीग पुढे लोटता येत नाही. त्याला तेच आवडायचं. म्हणायचा, "धरणाचे दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडावेत, विनू." मी शेजारी बसून स्वेटर विणायची आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची लाज काढायची.

आज पलंगाच्या टेबलावर टॅब उभा केला आणि त्याचा डावा हात हातात घेतला. आम्हाला सत्तीची जोडी आली. मध्ये राणी, दश्शी, चौकी. बाकीचे पळाले, एक जण राहिला. नाव 'लकीभाऊ', फोटोच्या जागी सिंह. त्याने चकत्या चढवल्या.

मी म्हटलं, "बघ, जयराज, हा सिंह बघ! मास्तरांच्या छडीला घाबरून शाळा सोडली असणार, आणि इथे डरकाळ्या फोडतोय. गल्लीतलं कुत्रं तरी भाऊ म्हणेल का रे याला?"

त्याने माझा हात दाबला. दोनदा. स्पष्ट.

मी शेवटपर्यंत चकत्या टाकत गेले. लकीभाऊने पत्ते उघडले, एक्का आणि एक छक्की, जोडी कशाचीच नाही. आमची सत्तीची जोडी जिंकली!

मी ओरडलेच. अंबूबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "आवं बाई, वरडू नगासा. म्या आत्ता उशी सारखी करून गेलीया. आन आजारी माणसाम्होरं पत्तं कसलं मांडलायसा? आमच्या जतंकडं पत्त्यापायी दोन घरं बसली."

मी तिला सांगितलं, हे घर उभं राहणार आहे पत्त्यांवर.

८ नोव्हेंबर

पद्धत ठरवली. फक्त लहान जोडी आली की त्याला विचारायचं. राजे-राण्या हातात आल्यावर काय करायचं ते बैलालाही कळेल. कचरा आला तर टाकायचा, तेही कळेल. डोकं लागतं ते दुर्रीपासून अठ्ठीपर्यंतच्या जोडीला. ती धड टाकवत नाही, धड धरवत नाही, आणि समोरचा माणूस कसा खेळतो ते ठाऊक नाही. मी सांगली एक्स्चेंजमध्ये टेलिफोन सुपरवायझर होते. 'हॅलो' म्हटल्याबरोबर माणूस खोटा की खरा ते सांगायची. इथे आवाजच नाही. नुसती नावं आणि सिंह.

जयराजचा नियम मी हजारदा ऐकलेला आहे. समोर तीन-चार जण भिडलेले असतील आणि मध्ये आपल्या जोडीचा तिसरा पत्ता उघडला नाही, तर लहान जोडी टाकायची, रडायचं नाही. पण समोर एकटाच अनोळखी असेल तर लगेच पळायचं नाही. त्याच्याकडेही बहुतेक वेळा काहीच नसतं. ठरलेल्या चकत्या टाकत शेवटपर्यंत जायचं आणि बघायचं.

तेव्हा: हात दोनदा दाबला तर राहायचं. हात स्वस्थ राहिला तर टाकायचं. उत्तर नियमाप्रमाणे आलं तर डोकं शाबूत आहे. याहून सरळ परीक्षा त्या डॉक्टरांनी घेऊन दाखवावी.

११ नोव्हेंबर

चमत्कार आहे. छक्कीची जोडी, समोर चौघे, सगळे चढवत सुटलेले. मला काही सुचेना, गप्प बसून राहिले. हात स्वस्थ. टाकली. एकाकडे राजांची जोडी निघाली! मग तिर्रीची जोडी, समोर 'प्रिन्स ऑफ नागपूर' एकटा. दर वेळी चढवतोय. मी म्हटलं, "आला मोठा राजपुत्र! मुकुट भाड्याने आणला असेल आणि धोतर उसनं." लगेच दोनदा दाबलं. राहिलो, जिंकलो.

जयराज, जयराज. आत आहेस तू.

पूर्वी रविवारी कॉलनीत मेंढीकोट रंगायचा. आम्ही कायमचे भिडू, समोरासमोर. समोरच्या जोडीतल्या बाईंना मी काही लागट बोलले की हा टेबलाखालून पाय लांब करून माझा पाय दोनदा दाबायचा, बस कर म्हणून. लोकांना वाटायचं आम्ही हुकमाच्या खुणा करतो. मूर्ख लोक! आम्ही कधी खूण केली नाही. आम्हाला गरजच नव्हती.

अंबूबाई कुरकुरत होती. "तुमचं तोंड सुरू झालं की मालक जागं व्हत्यात बाई, आन माझी मेलीची भरवायची येळ चुकती." मी तिला म्हटलं, तोंड माझं आहे, घर माझं आहे, तू चमचा सांभाळ.

१६ नोव्हेंबर

एक-दोनदा चुकलं. पंजीची जोडी, समोर तिघे, त्यातल्या एकीने माझ्या तोंडावर हसऱ्या चेहऱ्यांचं चित्र फेकलं. मी तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाचगणीच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर वाचतील अशी अजून भीती वाटते. जयराजने दोनदा दाबलं. राहिलो आणि हरलो. नियमाप्रमाणे टाकायला हवी होती. पण त्याची रात्री झोप नीट झाली नव्हती. धडधाकट माणसंही चुकतात. तो डॉक्टर दोन वाक्यांत दोनदा चुकतो.

भाऊजींना फोन करून सांगितलं, तीस तारखेला रविवार आहे, या.

"म्या पत्तं खेळून खेळून नोकरी केली वहिनी, बर्फात दुसरं करायचं काय? मला फसवाय जमायचं न्हाई."

मी म्हटलं, "फसवायला तुम्ही काय लकीभाऊ आहात?"

"कोन लकीभाऊ?"

२० नोव्हेंबर

तीन दिवस घसा पूर्ण बसला आहे. शब्द फुटत नाही. कोमट पाणी, हळद, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. टॅब लावते, हात धरते, जोड्या येतात. तो काहीच करत नाही. अठ्ठीची जोडी आली, समोर एकटा, तरी हात मेल्यासारखा. सगळ्या टाकल्या.

अंबूबाई म्हणते, घर कसं शांत शांत झालंय. तिच्याकडे नुसतं रागाने पाहिलं.

मनात येतं, हा तिसरा झटका तर नव्हे, लहानसा, कोणाला न दिसता आलेला? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

२४ नोव्हेंबर

आवाज आला, आणि हातही आला! चौकीची जोडी, समोर एकटा 'डॉक्टर एस'. नाव वाचूनच माझं पित्त खवळलं. "आणखी एक! तुझ्या हातून किती गेले रे बाबा, मोजलेस का?" दोनदा, आणि थांबून पुन्हा दोनदा. इतकं जोरात की अंगठी रुतली.

त्या दिवसांत त्याला बारीक कणकण असणार, आता उतरली. मी तयार आहे. भाऊजींनी खुशाल यावं.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायला नको वाटतं, पण लिहिणार.

भाऊजी सकाळीच आले. येताना औंधच्या यमाईचा अंगारा आणला, तो जयराजच्या कपाळाला लावला. "काय दादा, वळखलं का?" मग खुर्ची ओढून बसले. "वहिनी, तुमी स्वयंपाकघरात जावा. हात म्या धरतो. पत्तं म्या दाखवतो, इचारतो. तुमचा वाराबी नगं."

मी गेले. ओट्याशी उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता. "दादा, तिर्रीची जोडी हाय. म्होरं एक गडी. ठेवू का टाकू?" मग शांतता. "दादा, सत्ती. म्होरं एकच." शांतता. बराच वेळ तसंच चाललं होतं. अंबूबाई माझ्यासमोर लसूण सोलत होती, तिने मान वर केली नाही.

बाहेर आले तेव्हा भाऊजींनी नुसती मान हलवली.

मी म्हटलं, "तुमचा हात म्हणजे लाकडाची फळी. त्याला माझ्या हाताची सवय आहे."

"बरं, तुमी धरा. पर तोंड भितीकडं. पत्तं तुमाला दिसायचं न्हाईत. नुस्तं इचारायचं, ठेवू का टाकू. जास्ती येक शब्द न्हाई."

मी तसंच केलं. एक्स्चेंजमधल्या आवाजात, 'नंबर प्लीज' म्हणायचे तशी, विचारत राहिले. ठेवू का टाकू. ठेवू का टाकू. हात स्वस्थ. भाऊजी मागून सांगत, "ही अठ्ठीची जोडी व्हती, म्होरं येकटा." "ही पंजीची."

मग ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या आता. दादा दमला. तुमीबी दमलासा."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला तो गेलेलाच हवा आहे! जिवंत भावाच्या कपाळाला अंगारा फासून मोकळे झालात, आता खाट मिळाली की पेढे वाटाल! सैन्यात काय शिकलात, जखमी माणसाला मागे टाकून पळायला?"

आणि त्याने दाबलं. दोनदा. जोरात.

"दाबलं!" मी किंचाळले. "आत्ता दाबलं! दाखवा पत्ते! कोणती जोडी होती?"

भाऊजी टॅब वळवेनात. मी हिसकावून घेतला. जोडी नव्हतीच. सत्ती आणि दुर्री, दोन वेगळ्या रंगांच्या. या खेळात याहून टाकाऊ पत्ते नाहीत. समोर पाच जण, सगळ्यांनी चढवलेलं. जयराजने असे पत्ते आयुष्यात क्षणभर धरले नसते.

भाऊजींनी टॅब माझ्या हातातून घेऊन बंद केला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. जेवताना मला भाकरी वाढून दिली, त्यांनी, मला. निघताना अंबूबाईला म्हणाले, "बाईंकडं बघ गं जरा."

४ डिसेंबर

मला खात्री करून घ्यायची होती. कोणाच्या सांगण्यावरून मी काही मानत नाही.

आज टॅब बंद ठेवला. काळी काच त्याच्यासमोर उभी केली आणि हात धरला. आधी नीट, हळू विचारलं. ठेवू का टाकू? काही नाही. जयराज, मी कोण? काही नाही. तुला साताऱ्याला पाठवू का? काही नाही. पाठवू नको का? काही नाही.

मग मला रडू आलं, आणि रडताना मी नेहमीच शिव्या देते. देवाला दिल्या, डॉक्टरला दिल्या, यमाईला दिल्या, लकीभाऊला दिल्या, त्यालाही दिल्या. म्हटलं, लबाडा, महिनाभर मला खेळवलंस. दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. काळ्या काचेसमोर! तिथे ना पत्ते ना प्रतिस्पर्धी, माझ्या तोंडाचं प्रतिबिंब तेवढं.

म्हणजे काहीच नव्हतं. सत्ती नाही, तिर्री नाही, नियम नाही. कधी मूठ आवळली जायची, कधी नाही, आणि मी बसून त्याचं डोकं रचत होते. ज्या दिवशी जमलं तो पुरावा, ज्या दिवशी नाही जमलं तेव्हा झोप झाली नव्हती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

७ डिसेंबर

भाऊजींना होय म्हणून कळवलं. ते म्हणाले, "वहिनी, घाई न्हाई. खाट दुसऱ्याला दिली तरी फुडं आनकी निगंल."

मी म्हटलं, "समोर खूप जण आहेत, भाऊजी, आणि तिसरा पत्ता येत नाही. जोडी टाकायची, रडायचं नाही." त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

अंबूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मालकास्नी ठावं हाय का?" मी तिला म्हटलं की त्याला काही ठाऊक नसतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याच तोंडून ते वाक्य आलं. मी पलंगाशी उभी होते. त्याच्या छातीवरून बोलले.

१३ डिसेंबर, सातारा

रुग्णवाहिकेतून आणलं. भाऊजी पुढे, मी मागे त्याच्याजवळ. कंबरेला पट्टा बांधला होता तरी प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवला. कराडच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं आहे, तिथे चालकाने गाडी अशी आपटली की जयराजचं डोकं उशीवरून घसरलं. मी काचेवर मूठ आपटून म्हटलं, "अहो, आत माणूस आहे, उसाची मोळी नव्हे! लायसन कोणी दिलं तुम्हाला, कारखान्यानं?"

हात दोनदा दाबला गेला.

पूर्वी यावर मी दिवसभर आनंदाने नाचले असते. आता शहाणी झाले आहे. हात काढून घेतला आणि त्याच्या मुठीत टॉवेलाची घडी दिली. टॉवेल त्याने आवळला नाही. डॉक्टर म्हणाले होते, हातात काही दिलं की आवळतो. तेवढंही आता होत नाही.

केंद्र टेकडीच्या पायथ्याशी आहे. खोलीतून अजिंक्यताऱ्याचा कडा दिसतो. सही केली. भाऊजींकडे मुक्काम करायचं ठरलं होतं, मी नको म्हटलं. त्याच गाडीने परत निघाले. मागे झोपायची जागा मोकळी होती, चालक म्हणाला, आडव्या व्हा आजी. आडवी झाले. त्याला काही बोलले नाही.

१९ डिसेंबर, सांगली

अंबूबाईला दुसरीकडे काम मिळालं. जाताना म्हणाली, "बाई, येळंवर जेवा. आन भांडाय कोनतरी बघा."

चार वाजता टॅब लावला. का लावला ते माहीत नाही. पंजीची जोडी आली. समोर एकटाच, कोणी 'अतिथी'. नाव नाही, चित्र नाही. मध्ये राजा, गुलाम, दुर्री. त्याने चढवलं. मी बराच वेळ बघत बसले. मग टाकली. त्याने मुद्दाम पत्ते उघडून दाखवले. काहीच नव्हतं त्याच्याकडे. नव्वी आणि चौकी.

मला रागही आला नाही.

२८ डिसेंबर, सातारा

भाऊजी स्टँडवर घ्यायला आले होते. केंद्र स्वच्छ आहे, नावं ठेवायला जागा नाही. फरशी पुसलेली, चादर पांढरी, सगळे हळू आणि गोड बोलतात. जयराजला 'आजोबा' म्हणतात. खिडकीत कोणीतरी प्लॅस्टिकचं फूल ठेवलं आहे. एरवी मी त्या फुलावर आणि त्या 'आजोबा'वर दोन वाक्यं तरी बोलले असते. आज कोणाला एक शब्द उलट बोलले नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं त्या आवाजात सगळ्यांचे आभार मानले. मग खुर्ची ओढून, त्याचा हात हातात घेऊन बसले.

हात स्वस्थ होता. डोळे उघडे, छताकडे. मी हळूच विचारलं, इथे बरं आहे ना? उशी ठीक आहे ना? काही नाही.

व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या, तरतरीत मुलगी आहे. आनंदाने म्हणाल्या, "मॅडम, घरी असताना हात फार आवळायचे म्हणे ना? इथे आल्यापासून एकदाही नाही. बघा, किती छान सैल पडलाय. शांत वातावरणाचा परिणाम असतो." मी म्हटलं, "हो. आमच्या घरी फार आवाज असायचा."

त्या गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी बोला की कायतरी. मगापासनं येवढ्या गप ऱ्हायलाय, मलाच कसंतरी व्हाया लागलंय. मला चार शिव्या द्या, पर बोला. दादालाबी बरं वाटंल."

"त्याला काय वाटणार, भाऊजी? तुम्हीच तर दाखवून दिलंत."

ते उठून व्हरांड्यात गेले. पाठमोरे उभे होते, रुमाल काढला.

डॉक्टरांचंच खरं होतं. नुसते स्नायू होते, तेही आता निवळले. मी उगीच महिनाभर एका मुठीशी बोलत बसले.

पाचची गाडी होती. निघताना त्याच्या बोटांतून माझी बोटं सोडवून घेतली. सोडवायला काही जोर लागला नाही.